चार पॉइंट अठरा सेकंदांचा शोधनिबंध

आमच्या तालुक्यात वेळ एकाच ठिकाणी पाळली जाते, ती म्हणजे बैलगाड्याच्या घाटात. एरवी लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा असला तर अक्षता दोनला पडतात, आणि एसटी केव्हा सुटेल हे तर तिच्या कंडक्टरलाही विचारू नये. पण घाटात, म्हणजे शर्यतीच्या त्या चढाच्या धावपट्टीवर, सेकंदाच्या शंभराव्या भागावरून शहाणीसुरती माणसं एकमेकांची गचांडी धरतात. हे मी लहानपणापासून बघत आलेय, कारण माझ्या वडिलांचा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शिनोलीत स्वतःचा गाडा आहे. पण हा घाट उठून माझ्या नोकरीच्या वाटेत येऊन बसेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी गणित शिकवते. तेव्हा नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जितके तास शिकवाल तितके तास तुम्ही प्राध्यापक; घंटा झाली की तुम्ही कुणी नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर मी अधिकृतपणे अस्तित्वातच नसायचे. पीएच.डी. केली ती नॉनलिनियर डायनॅमिक्समध्ये, मराठीत अरेषीय गतिकी. कुठल्याही भाषेत सांगितलं तरी स्टाफरूममधली मंडळी ‘अरे वा’ म्हणायची आणि डबा उघडायची.

खरं तर माझं काम कुणालाही कळण्यासारखं होतं. एकमेकांना बांधलेल्या, आपापल्या चालीने हलणाऱ्या गोष्टी हळूहळू एका तालात कशा येतात, त्याचं गणित. दोन लंबकांवर आणि चार विद्युतमंडलांवर जगभर सगळ्यांनी केलं होतं, म्हणून मी आबांचे बैल घेतले. गाड्याला चार बैल असतात, दोन पुढे, दोन मागे, आणि गाडा सुटला की काही पावलांत चौघांची चाल जुळते. सरावाच्या वेळी मी बांधावर उभी राहून मोबाइलवर त्यांच्या पायांचं चित्रण करायचे आणि घरी एकेक चित्र थांबवून पावलं मोजायचे. गावात बोलबाला झाला. आबा लोकांना सांगायचे, “समदी दुनिया बैलाचं त्वांड बघती, आमची पोर पाय बघती.” यात कौतुक किती आणि काळजी किती, ते मला कधी कळलं नाही.

तर नऊ वर्षांनी आमच्या महाविद्यालयात गणिताची एक कायम जागा भरायची ठरली. उमेदवार आम्ही दोघंच. एक मी, आणि दुसरे जुन्नरकडचे एक सर, तेही माझ्यासारखेच तासावारी राबलेले. माणूस चांगला, हीच तर पंचाईत. वाईट असता तर मला बरं पडलं असतं. आम्ही दोघं एकाच बाकावर बसून एकाच डब्यातली भाकरी खायचो आणि एकाच जागेवर डोळा ठेवून होतो. आमचे गुण कागदावर समसमान होते. हे लक्षात आल्यावर प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं आणि म्हणाले, “गुरुवारी आपलं राष्ट्रीय चर्चासत्र आहे, शुक्रवारी मुलाखती. पुण्याहून येणारे पाहुणे दोन्हीकडे तेच. एकदाच आणायचे, दोन्ही कामं उरकायची. चर्चासत्रात ज्याचा निबंध पहिला येईल, त्याचं पारडं जड.” मी मनात म्हटलं, चला, निदान गणितावर तरी ठरतंय. किती भोळी होते मी!

आता मागच्या वर्षीच्या चर्चासत्राचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मागच्या वर्षी दहाला सुरू झालेले सत्कार दुपारी दोनपर्यंत चालले. शाल, श्रीफळ, फेटा. मान्यवर स्टेजवर मावेनात, तेव्हा पहिली रांग हेच स्टेज समजावं असं जाहीर करण्यात आलं. मंचरचे एक कापडव्यापारी संस्थेचे संचालक आहेत. त्यांनी दिलेल्या शाली संपल्या म्हणून आधी सत्कार झालेल्यांच्या काढून पुढच्यांना घातल्या. प्रमुख पाहुणे जेवले आणि एक शब्द न बोलता परत गेले. त्यामुळे या वर्षी प्राचार्य हट्टाला पेटले होते. “वेळ म्हणजे वेळ,” ते म्हणाले, “आणि मॅडम, आपल्याकडे वेळ कुणाला पाळता येते? तुम्हीच सांगा, तुमच्याच घरात आहे.”

त्यांनी घाटातले निवेदक आणि घाटातले घड्याळपंच बोलावले.

गुरुवारी सकाळी मी सभागृहात गेले तर स्टेजच्या कडेला ते लाल आकड्यांचं भलंमोठं घड्याळ, गोणपाटातून नुकतंच काढलेलं. शेजारी घड्याळपंच, सत्तरीचे गृहस्थ, तोंडात शब्द मोजून. आणि माइकवर निवेदक, गुलाबी फेटा बांधून, घसा साफ करत. निबंध वाचण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला, घाटातल्या टोकनसारखा. माझी चिठ्ठी सगळ्यात शेवटची निघाली. प्राचार्यांनी पंचांना एवढंच सांगितलं होतं, की प्रत्येकाला सात मिनिटं, घड्याळ लावा, नंबर काढा. त्यांच्या डोक्यात काय होतं ते त्यांनाच माहीत. पंचांच्या डोक्यात काय होतं ते तासाभरात सगळ्यांना कळलं.

आबा तिसऱ्या रांगेत बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, नवी टोपी. मी नऊ वर्षं त्या कॉलेजात होते आणि ते पहिल्यांदाच पायरी चढले होते. मी येऊ नका म्हणाले होते, इंग्रजीच फार असेल म्हणून. ते म्हणाले, “बैल आपलं, मंग काय झालं त्येंचं ते ऐकाय नगं?” म्हणून मी माझी सुरुवातीची पाच वाक्यं मराठीत लिहून पाठ केली होती. पडद्यावर दाखवायच्या चाळीस चित्रांची बारा केली होती. आरशासमोर उभी राहून सहा मिनिटं चाळीस सेकंदांत बसवलं होतं.

पाहुण्यांचं बीजभाषण आधी झालं. चांगलं झालं. पंचांनी बटण दाबलं आणि निवेदकांनी उसासा टाकला, “तीन हजार एकशे वीस सेकंद! पावणं, लई जड गेली बारी!” बारी म्हणजे एका गाड्याची एक धाव. पाहुण्यांना तो कौतुकाचाच प्रकार वाटला, त्यांनी हात जोडले. मग त्यांना आहुप्याची देवराई दाखवायला घेऊन गेले, कारण फोनवर त्यांनी कधीतरी सभ्यपणाने ‘तुमच्याकडे देवराई आहे म्हणे’ असं म्हटलं होतं. ते बाहेर पडले आणि पंचांनी फळ्यावर खडूने त्यांचं नाव आणि सेकंद लिहिले. अगदी खाली. मला वाटलं, मान म्हणून वेगळी जागा दिली असेल.

“ऐका ऐका ऐका! आता सुटतीया बारी नंबर एक! नगरकडचं पावणं, विषय हाये नळीतल्या पाण्याचा खळखळाट! हात लागला माइकला... उचलली!” ते नगरचे सर बिचारे शिस्तीचे. बरोबर चारशे एकोणीस सेकंदांत संपवलं, सात मिनिटांना एक कमी, आणि छाती काढून खाली आले. निवेदक हळहळले, “जड गेली राव, जड गेली.” दुसरा निबंध दोघांनी मिळून लिहिलेला, तो ‘दोन मालकांची जुगलबंदी’ म्हणून पुकारला गेला. त्यांना घाई होती, तीनशे सेकंदांत उरकलं. पंचांनी त्यांचं नाव नगरकरांच्या वर लिहिलं. मी घाटातली पोर, मला फळा वाचता येतो.

ज्याला कमी वेळ, तो पहिला.

मी पंचांकडे धावले. म्हटलं, “आप्पा, ही शर्यत नाही. कमी वेळात वाचला म्हणजे निबंध चांगला, असं नसतं.”

त्यांनी फळ्यावरून नजर न काढता विचारलं, “मंग जास्ती येळ म्हंजी चांगला का?”

नऊ वर्षांत किती चर्चासत्रं ऐकली होती मी! ‘हो’ म्हणायची सोय नव्हती.

मग प्राचार्यांकडे गेले. ते ऑफिसात चहा घेत होते आणि इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. म्हणाले, “मॅडम, इतिहासात पहिल्यांदा आपण वेळापत्रकाच्या पुढे चाललोय. यात खोडा घालू नका. पंचांच्या निकालावर आपण बोलायचं नसतं, तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?” मी म्हटलं, सर, पण गणित? ते म्हणाले, “गणितच आहे ना ते. आकडे आहेत.”

मी परत आले तोवर सभागृहात रहस्य फुटलं होतं. संगमनेरच्या एका मॅडमची गाडी चुकत होती, त्यांनी अठ्ठ्याऐंशी सेकंदांत गुंडाळलं आणि थेट पहिल्या आल्या. टाळ्या पडल्या. मग काय, धरणाचं दार उघडलं. पुढचे सत्तर, त्यापुढचे पंचावन्न. एका गृहस्थांनी फक्त शीर्षक वाचलं, ते शीर्षकच लांब असल्याने चौतीस सेकंद लागले आणि ते हळहळत बसले. कुणीही ‘हे काय चाललंय’ म्हणालं नाही. प्रमाणपत्र सगळ्यांना मिळणार होतं आणि जेवणाचा वास सुटला होता. हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना. मधूनच मागे बघितलं तर आबा मात्र अजिबात हसत नव्हते. प्रत्येक जण खाली आला की ते शेजारच्याला विचारत होते, “काय म्हणला वो?” आणि शेजारचा खांदे उडवत होता.

शेवटून दुसरे जुन्नरचे सर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माइकला हात लावला, “नमस्कार, निबंध स्मरणिकेत आहे, जरूर वाचा, धन्यवाद,” आणि खाली. सहा पॉइंट नव्वद. निवेदक उडालेच, “भिर्रर्र! फळी फोडली! जुन्नरकरांनी फळी फोडली!” फळी फोडणं म्हणजे दिवसाचा सगळ्यात कमी वेळ लावणं. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. पंचांनी त्यांचं नाव फळ्याच्या डोक्यावर लिहिलं आणि खाली जाड रेघ मारली.

मग माझा पुकारा झाला. “आणि आता शेवटची बारी! शिनोलीकर गाडामालकांची लेक! घरचीच गाडी हाये मंडळी, बघूया पळती का!” लोक ओरडले, कारण आबांचा गाडा पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत. स्टेजच्या तीन पायऱ्या चढताना मी आतून संतापले होते. प्राचार्यांवर, जुन्नरच्या सरांवर, त्या लाल आकड्यांवर. हातात बारा चित्रांचा पेनड्राइव्ह होता. ठरवलं होतं, की गेलं खड्ड्यात, सात मिनिटं पुरी बोलायचं. वर जाऊन वळले तर आबा पुढे सरकून बसले होते, टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि चांगला कान माझ्याकडे केला होता. डाव्या कानाने त्यांना कमी येतं.

आणि त्या क्षणी मला दुसरं काहीच दिसलं नाही, फक्त पुढची नऊ वर्षं दिसली. घंटा झाली की मी कुणी नाही.

मी माइकला हात लावला. म्हटलं, “चौघांचे पाय जुळतात. धन्यवाद.”

चार पॉइंट अठरा.

पुढचं मला नीट आठवत नाही. निवेदकांचा आवाज फाटला होता, कुणीतरी गुलाल आणला होता. राष्ट्रीय चर्चासत्रात गुलाल! एरवी घाटात बायकांना कुणी फेटा बांधत नाही, मला बांधला. संध्याकाळी आहुप्याहून परतलेल्या पाहुण्यांच्या हस्ते मला प्रमाणपत्र मिळालं, त्यावर पंचांच्या अक्षरात ‘प्रथम क्रमांक, ४.१८ से.’ लिहिलेलं. पाहुण्यांनी शीर्षक विचारलं, मी सांगितलं, ते म्हणाले, “अतिशय नेमकं.” जुन्नरचे सर पुढे आले, हात जोडले आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “मॅडम, मी ‘नमस्कार’ म्हणायला नको होतं.” मी हसले. ते हसले नाहीत.

आबांना स्कूटरवर मागे बसवून घरी निघाले. घोडेगाव मागे पडलं. मग आबा म्हणाले, “पयली आलीस.”

“हो.”

“पर गाडा कुठं पळाला?”

मी चिडले. खूप चिडले. रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवून त्यांना नाही नाही ते बोलले. तुम्हाला काय कळतंय, कायम नोकरी म्हणजे काय, किती वर्षं मी त्या बाकावर बसलेय. ते ऐकत राहिले. फेट्याचा शेमला सारखा माझ्या तोंडावर येत होता, तो त्यांनी हाताने बाजूला केला आणि म्हणाले, “चल, दूध काढायचं र्‍हायलंय.”

शुक्रवारी मुलाखत झाली. प्रमाणपत्र सगळ्या टेबलावर फिरलं. मला विचारलं, परीक्षा विभागाचं काम जमेल का. जमेल म्हटलं. विचारलं, वक्तशीरपणाविषयी आपलं काय मत. मी म्हटलं, महत्त्वाचा आहे. गणिताचं कुणी काही विचारलं नाही. दुपारी निवड झाल्याचं कळलं. बाकावर जुन्नरच्या सरांचा डबा तसाच पडलेला होता, तो मी त्यांच्या गाडीला लावून आले. त्यांच्याशी बोलायचं धाडस मला झालं नाही, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन गोठ्यात गेले. आबा नव्या बैलाला खरारा करत होते. त्यांच्या तळहातावर पेढा ठेवला आणि पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मग पेढा तसाच हातात धरून गव्हाणीच्या कडेवर टेकले.

“आता सांग.”

“काय?”

“ते तू तिथं सांगणार व्हतीस ते. म्या ऐकाय आलो व्हतो.”

मी खराट्याची काडी घेतली आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर चार रेघा ओढल्या, चार बैलांच्या. पाठ केलेली पाच वाक्यं म्हटली. मग पाठ न केलेलीही म्हटली. एकाने चाल बदलली की जुवातून दुसऱ्याला कशी ओढ बसते, ती ओढ पुरेशी असली की फरक कसा कमी कमी होत जातो, किती पावलांनी चौघं एक होतात. अर्धा तास बोलले असेन, जास्तच. आबा एकदाही मध्ये बोलले नाहीत. दोनदा मान हलवली, ती बरोबर जागी. नऊ वर्षांत माझं काम इतकं नीट कुणी ऐकलं नव्हतं.

बोलणं संपलं तेव्हा ते जमिनीवरच्या रेघांवर वाकले.

“पाय जुळत्यात कसं, ते समजलं. पर निम्म्यात सुटत्यात, त्याचं काय? ह्यो नवा बैल,” त्यांनी खराऱ्याने त्याच्याकडे दाखवलं, “निम्म्या घाटापतुर लागून पळतो आन् मंग पाय सोडतो. जू तेच, ओढ तीच. मंग सुटतंय का?”

हा प्रश्न मला मार्गदर्शकांनी विचारला नव्हता, परीक्षकांनी विचारला नव्हता, आणि लाज वाटते सांगायला, मी स्वतःला विचारला नव्हता. जिथे पाय सुटायचे तिथलं चित्रण मी खराब म्हणून दर वेळी पुसून टाकत आले होते.

“माहीत नाही, आबा.”

“म्हंजी अजून झालं न्हाई म्हणायचं.”

“नाही झालं.”

त्यांना खरंच कोडं पडलं होतं, टोमणा नव्हता तो. “मंग नोकरी कशापायी दिली त्यांनी?”

“मी लवकर थांबले म्हणून,” मी म्हटलं.

आबांनी हातातल्या पेढ्याकडे पाहिलं आणि तो नव्या बैलापुढे धरला.